२६ स्केचेस, ३ लाख भांडवल: डिझाइन आणि हिशेब एकाच कागदावर कसे आणायचे?

रंगीतरेघ:

नमस्कार. खणाच्या कापडाचं छोटं लेबल पुण्यातून सुरू करायचं आहे. स्केचबुकात २६ स्केचेस तयार आहेत: ११ कुर्ते, ६ जॅकेट्स, ५ स्कर्ट, ४ ड्रेस. भांडवल ३ लाख. दोन कारागीर नगावर शिवायला तयार आहेत, कटिंग मास्टर बाहेरचा. विक्री इन्स्टाग्रामवरून आणि दोन बुटीकमधून. बुटीकवाल्या ४० टक्के कमिशनवर माल ठेवून घेतात.

सगळी स्केचेस भिंतीवर लावून त्यातूनच धंद्याचा नकाशा उभा करायचा विचार आहे. कोणतं डिझाइन, कोणत्या कापडात, किती नग, काय किमतीला, कुठे विकायचं, हे सगळं. अडचण अशी की एक्सेलमध्ये आकडे भरायला बसलं की कपडा डोळ्यांसमोरून जातो, आणि स्केच हातात घेतलं की आकडे सुटतात. दोन्ही एकत्र दिसतील अशी काही पद्धत आहे का? आणि स्केचेस कुणी उचलू नयेत म्हणून आधीच काय करून ठेवावं?

उभा_धागा:

पहिली गोष्ट, भिंतीवर फिगरची स्केचेस लावू नका. फॅशन फिगर नऊ डोक्यांच्या उंचीची काढतात, माणूस असतो साधारण साडेसात डोक्यांचा. त्यामुळे स्केचमध्ये गुडघ्याखाली गेलेला कुर्ता प्रत्यक्षात गुडघ्यावरच थांबतो, आणि साइड कट कुठे सुरू होतो हे मास्टर अंदाजाने ठरवतो. प्रत्येक डिझाइनचं सपाट चित्र काढा, पुढची बाजू आणि मागची बाजू, ग्राफ पेपरवर, १ सेंटिमीटर = २ इंच या मापाने. ४६ इंचाचा कुर्ता २३ सेंटिमीटर होतो, म्हणजे ए-फोर कागदावर एक बाजू नीट मावते. मागची बाजू पाठीमागच्या पानावर. मागची बाजू न काढलेलं स्केच अर्धंच असतं: उघडायचं कुठून, चेन की हुक, पाठीवर जोड आहे का, हे तिथेच ठरतं. शिलाईचे पैसेही त्यावरच ठरतात.

चित्राच्या उजव्या कडेला दोन इंचाचा कापडाचा तुकडा स्टेपल करा, चिकटवू नका. हाताला कापड लागलं पाहिजे. त्याखाली पाचच ओळी: पन्हा (कापडाची रुंदी) आणि मीटर, पॅटर्नचे म्हणजे कटिंगच्या कागदी साच्याचे तुकडे किती, शिवायला मिनिटं किती, नगाचा खर्च, विक्री कुठे. जोवर या पाच ओळी भरत नाहीत तोवर ते पान भिंतीवर जाणार नाही, एवढा एक नियम पाळा.

भिंतीवर लावताना आडव्या रांगेत एकाच बेसिक पॅटर्नवर बसणारी डिझाइनं, उभ्या रांगेत एकाच कापडातली. असं लावलं की नकाशा आपोआप दिसतो. एखाद्या आडव्या रांगेत एकटंच पान असेल तर त्या एका डिझाइनसाठी तुम्ही नवा पॅटर्न, नवं सॅम्पल, नवं ग्रेडिंग (एका मापावरून बाकीच्या साइझ काढणं) असा सगळा खर्च करणार आहात. एकाच चौकोनात चार पानं आली तर ती चारही डिझाइनं एकमेकांची गिऱ्हाइकं खाणार. २६ मधून तीन बेसिक पॅटर्नवर बसणारी पाच-सहाच ठेवा. बाकीची वहीत राहू देत, पुढच्या हंगामाला लागतील.

आता खणाविषयी, कारण पन्ह्यावरच सगळं अडतं. कर्नाटकातल्या गुळेदगुडच्या हातमागाच्या खणाचा पन्हा साधारण ३१ इंच मिळतो आणि दोन्ही बाजूंना काठ. दीड-दीड इंचाचा काठ सोडला तर मधलं साधं कापड २८ इंच. एम साइझचा कुर्ता, तयार छाती ४०, म्हणजे पुढचा तुकडा छातीला २० आणि शिवणीचे २ असे २२ इंच, घेराला २६. तो २८ मध्ये बसतो. उंची ४६ आणि दुमडीचे २ मिळून ४८. पुढचा-मागचा एकाखाली एक, ९६ इंच. पाऊण बाह्यांना आणखी २० इंच. एकूण ११६ इंच, म्हणजे २.९५ मीटर. हाच कुर्ता ४४ पन्ह्याच्या सुती कापडात २.४५ मीटरमध्ये होतो, कारण बाह्या अंगाच्या शेजारी बसतात.

या मांडणीत अडचणी दोन. बाह्या शेजारी-शेजारी ठेवल्या की प्रत्येकीच्या एका शिवणीत काठ येतो. स्केचमध्ये तो दिसत नाही, अंगात मात्र दिसतो. आणि एक्सएलला छाती ४६ धरली की छातीला २५ आणि घेर ३० होतो, तो २८ मध्ये बसत नाही. बाजूला कळी घालावीच लागते, त्याचं जवळजवळ अर्धा मीटर कापड वाढतं. कळी फक्त मोठ्या साइझला घातली तर ठिगळ वाटतं. म्हणून डिझाइन करतानाच सगळ्या साइझना कळी ठेवा आणि ती स्केचमध्ये रेघ मारून दाखवा.

तुमच्या स्केचेसपैकी कशात खालच्या घेराला अखंड काठ दाखवला असेल तर तेही तपासा. काठ उभ्या धाग्याच्या दिशेने जातो. तो घेराला आणायचा तर कापड आडवं वापरावं लागतं, आणि मग कपड्याची उंची ३१ इंचांच्या वर जात नाही. स्कर्टला किंवा आखूड जॅकेटला हे सुंदर दिसतं. लांब कुर्त्याला काठ कापून वेगळी पट्टी म्हणून लावावा लागतो.

हिशेबवही:

उभा_धागा यांच्या मीटरवरच खर्च मांडते. दर उदाहरणादाखल आहेत, तुमचे टाका.

अस्तर लावलेला खणाचा कुर्ता, एक नग:
खण, वाया जाणारं ५ टक्के धरून ३.१ मीटर × २२० = ६८२
अस्तर १.८ मीटर × ९० = १६२
दोरा, बटणं, बकरम, लेबल = ४५
कटिंग ४०, शिलाई २८०, दोरे काढणं आणि इस्त्री ३०
टॅग, पिशवी ३५
बेरीज १,२७४.

बहुतेक जणी इथेच थांबतात आणि दुप्पट करून किंमत लावतात. पण अजून तीन आकडे राहिलेत. नापास नग: १०० मध्ये ४ नग डाग, खेच किंवा चुकीच्या कटिंगमुळे विकता येत नाहीत, त्याचे ५१. स्थिर खर्च: खोली, वीज, फोन, वेबसाइट मिळून महिन्याला १२,००० धरले आणि तीन महिन्यांत १२० नग केले तर नगावर ३००. सॅम्पल: पॅटर्न, मांजरपाटाचा चाचणी नग आणि दोन दुरुस्त्या मिळून डिझाइनला ४,५०० आणि नग २४, म्हणजे १८८. खरा खर्च १,८१३.

२,५०० ला विकला तर इन्स्टाग्रामवर ६८७ सुटतात, त्यातून कुरियर आणि पेमेंट गेटवे जाणार. बुटीकमध्ये ४० टक्के गेले की हातात १,५०० येतात, म्हणजे प्रत्येक नगावर ३१३ तोटा. या पानावर पाचव्या ओळीत 'फक्त थेट विक्री' असं लाल पेनने लिहा. तुमचा नकाशा म्हणतात तो हाच.

जीएसटी नोंदणी केली असेल तर २,५०० या आकड्याकडे नीट बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून नगाला २,५०० पर्यंतच्या कपड्यावर ५ टक्के आणि त्यावर १८ टक्के आहे. २,५०० अधिक ५ टक्के म्हणजे गिऱ्हाइकाला २,६२५. तुम्ही १०० रुपये वाढवून २,६०० केले की गिऱ्हाइकाला ३,०६८ पडतात. तुम्हाला १०० जास्त, तिला ४४३ जास्त. म्हणून करासकट किंमत २,६२५ ते २,९५० (२,५०० अधिक १८ टक्के) या पट्ट्यात ठेवूच नका. एक तर खाली बसवा, नाहीतर इतकं काम घाला की ३,५०० मागता येतील.

फक्त माल विकणाऱ्याला महाराष्ट्रात वर्षाला ४० लाखांपर्यंत नोंदणी सक्तीची नाही, पण परराज्यात माल पाठवायचा तर सर्वसाधारण नियमाने उलाढाल कितीही कमी असली तरी लागते. इन्स्टाग्रामवरची पहिली ऑर्डर बंगळूरची असू शकते, तेव्हा हे आधी ठरवा. नोंदणी नसेल तर कापडावर भरलेला कर परत मिळत नाही, तो नगाच्या खर्चातच धरायचा.

रंगीतरेघ:

खूप उपयोगी. हिशेबवही ताई, बुटीकवाल्या सोडायच्या नाहीत, कारण कपडा अंगावर घालून बघायची जागा तीच आहे. खण फक्त योक (खांद्यापासून छातीपर्यंतचा वेगळा तुकडा), बाहीची पट्टी आणि खिसा एवढ्यापुरता ठेवून अंग साध्या हातमागाच्या सुती कापडाचं केलं तर? ११ पैकी ४ कुर्त्यांना हे शोभेल. एकात अंग पांढरट आणि योक किरमिजी आहे.

हिशेबवही:

मग गणित बदलतं. खण ०.६ मीटर × २२० = १३२, सुती ४४ पन्हा २.३ मीटर × १३० = २९९, मिळून ४३१. कापडात २५१ वाचले. अस्तर गेलं, १६२ वाचले. अस्तराची शिलाई वाचते तेवढीच योकच्या जोडाला लागते, ती तशीच धरा. १,२७४ चे ८६१ झाले. नापास नगांचे ३४, स्थिर ३००, सॅम्पल १८८. एकूण १,३८३. बुटीकमधून १,५०० आले तर ११७ उरतात. फार नाहीत, पण तोटा नाही. तेच डिझाइन इन्स्टाग्रामवर हजाराच्या वर देतं. हे पान हिरव्या पेनाने 'दोन्हीकडे'.

मांजरपाट:

किरमिजी योक आणि पांढरट अंग हे वाचून लगेच लिहितोय. कटिंगच्या आधी दोन चाचण्या केल्याशिवाय हे डिझाइन पुढे नेऊ नका.

रंगाची चाचणी: खणाचा ४ इंचाचा चौकोन तेवढ्याच पांढऱ्या सुती तुकड्यावर चारही बाजूंनी शिवा. कोमट पाण्यात, नेहमीच्या साबणात अर्धा तास ठेवा, पिळा आणि घडी घालून ओलाच दोन तास तसाच ठेवा. ही शेवटची पायरी महत्त्वाची. नुसत्या पाण्यात रंग जात नाही म्हणून माल पास होतो, आणि गिऱ्हाइकाकडे ओला कपडा बादलीत पडून राहिला की योकचा लाल रंग छातीवर उतरतो. पांढऱ्या तुकड्याला गुलाबी झाक आली की ती जोडी बाद. मीठ-व्हिनेगरने रंग पक्का होतो यावर विसंबू नका, आजकालच्या बऱ्याच रंगांना त्याचा उपयोग होत नाही. अंगाला मोतिया किंवा पांढरटऐवजी राखाडी, मेंदी, नाहीतर त्याच लाल घराण्यातला फिका रंग घ्या. ड्रायक्लीनचं लेबल लावून सुटका होत नाही. सुती कुर्ता लोक घरीच धुणार.

आटण्याची चाचणी: दोन्ही कापडांवर ५० सेंटिमीटरचा चौकोन पक्क्या पेनने आखा, कडेला ५ सेंटिमीटर जास्त ठेवा. धुवा, सावलीत वाळवा, इस्त्री करा, उभं आणि आडवं वेगळं मोजा. ५० चे ४८ झाले म्हणजे ४ टक्के. ४६ इंचाच्या कुर्त्यात ते जवळजवळ पावणेदोन इंच. एकटं कापड आटलं तर कुर्ता फक्त आखूड होतो. पण अंग ४ टक्के आणि योक १ टक्का आटला तर जोडावर सुरकुत्या पडतात, त्या इस्त्रीने जात नाहीत. उपाय एकच: दोन्ही कापडं कापायच्या आधी भिजवून वाळवायची, पूर्ण थान. रात्रभर साध्या पाण्यात, न पिळता, दोरीवर उभा धागा ताणला जाणार नाही असं आडवं पसरून. त्याचा मीटरमागचा खर्च आणि आटलेलं कापड दोन्ही हिशेबात घ्या: ४ टक्के आटणारं २.३ मीटर हवं असेल तर २.४ घ्यावं लागतं. पावसाळ्यात थान वाळायला दोन-तीन दिवस लागतात आणि दमट घडी केली की वास बसतो. गणपतीचा माल करायचा तर हे काम मे महिन्यातच उरकलेलं बरं.

खणाची शिवण मुंढ्यात आणि बाजूला सरकते, रेशमी किंवा आर्ट सिल्कचा धागा असेल तर जास्तच. शिवणीला पाव इंच नको, अर्धा इंच ठेवा. सुई ११ नंबरची, टाका अडीच मिलिमीटर, कडा ओव्हरलॉक. अंगाला घट्ट बसणारं डिझाइन खणात अस्तराशिवाय करू नका. अस्तर खणापेक्षा छातीला अर्धा इंच कमी ठेवलं की ताण अस्तरावर जातो आणि खण वाचतो.

सॅम्पल आधी मांजरपाटात, मग खऱ्या कापडात. मांजरपाटाचा नग एम आणि डबल एक्सएल अशा दोन मापांत शिवा. योक सगळ्या साइझमध्ये त्याच प्रमाणात वाढवला तर मोठ्या मापात तो खूप खाली उतरतो आणि खणाची नक्षी मध्यभागी राहत नाही. योकची उंची साइझमागे पाव इंचच वाढवायची, रुंदी खांद्याप्रमाणे.

दाखलपत्र:

स्केचेसच्या संरक्षणाचं सांगतो. यात क्रम चुकला की हक्क जातो.

स्केच म्हणजे चित्र. त्यावर कॉपीराइट आपोआप असतो. पण त्या चित्रावरून कपडा बनवायचा ठरला की कॉपीराइट कायद्याचं कलम १५ लागू होतं. डिझाइन नोंदवता येण्यासारखं असूनही नोंदवलं नाही, आणि त्याचे यंत्राने वगैरे ५० पेक्षा जास्त नग निघाले, की त्या डिझाइनवरचा कॉपीराइट संपतो. तुमच्या एका डिझाइनचे २४ नग आहेत. दोनदा पुन्हा काढले की ७२ होतात.

त्यामुळे खरोखर नवं असेल त्याची डिझाइन कायदा, २००० खाली नोंदणी करा. व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योग असेल तर अर्जाची फी १,००० रुपये, संरक्षण १० वर्षं, पुढे ५ वर्षं वाढवता येतं. कपड्यांचा वर्ग ०२. अट एकच आणि कडक: अर्जाच्या तारखेआधी डिझाइन कुठेही उघड झालेलं नको. इन्स्टाग्रामवर फोटो टाकला, बुटीकमध्ये हँगरला लावला, की नवेपणा गेला. म्हणून आधी अर्ज, मग फोटोशूट. अर्जाला पुढून, मागून आणि बाजूने अशी स्वच्छ चित्रं लागतात. उभा_धागा यांनी सांगितलेली सपाट चित्रं इथे थेट कामाला येतात.

सगळीच डिझाइनं नोंदवत बसू नका. कुर्त्याचा नेहमीचा आकार आणि खणाची पारंपरिक नक्षी कुणाच्याच नावावर होत नाही, आणि होऊही नये, ती विणकरांची आहे. जॅकेटची बांधणी किंवा योकची रचना खरंच वेगळी असेल तर ते एक-दोन. त्याआधी लेबलचं नाव ट्रेडमार्कच्या वर्ग २५ मध्ये टाका. व्यक्ती किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन फी ४,५०० आहे. कपड्याचा कट उचलणाऱ्याला गाठणं अवघड असतं, नाव उचलणाऱ्याला थांबवणं त्यापेक्षा बरंच सोपं.

मास्टरकडे जाणाऱ्या पानावर खर्चाच्या ओळी नकोत. चित्र, मापं आणि शिवणीच्या सूचना एवढीच फोटोकॉपी द्या, तारीख आणि डिझाइन नंबर टाकून. व्हॉट्सअॅपवर फिगरचं स्केच पाठवू नका.

रंगीतरेघ:

पानं पुन्हा मांडली. पाच डिझाइनं राहिली: योकचे दोन कुर्ते, अखंड खणाचा एक (फक्त थेट विक्री), काठ घेराला असलेलं आखूड जॅकेट आणि तसाच स्कर्ट. योकला अंग राखाडी केलं. शेवटचा प्रश्न: प्रत्येकी २४ नगांची साइझमध्ये वाटणी कशी करू, आणि पैसे पुरतील का?

हिशेबवही:

पाच डिझाइनं × २४ = १२० नग. सुटा खर्च सरासरी १,१०० धरा: १,३२,०००. सॅम्पल २२,५००. तीन महिन्यांचा स्थिर खर्च ३६,०००. फोटो १८,०००. एकूण २,०८,५००. उरलेले ९१,५०० कापडात घालू नका. दोन डिझाइनं चालतील, तीन रेंगाळतील, आणि चालणाऱ्या दोनचा पुढचा लॉट त्याच पैशांतून निघणार. बुटीकचे पैसे तोवर आलेले नसतात.

साइझ: एस ३, एम ७, एल ७, एक्सएल ५, डबल एक्सएल २. स्कर्टला इलॅस्टिक असेल तर पाचऐवजी तीनच साइझ करा, म्हणजे उरलेला माल कमी होतो.

कापड प्रत्येक डिझाइनचं एकाच लॉटमधून घ्या. हातमागाच्या दोन लॉटमध्ये रंगाची छटा वेगळी असतेच. कटिंग झाल्यावर प्रत्येक तुकड्यावर थराचा नंबर खडूने घाला, म्हणजे एकाच नगात दोन थरांचे तुकडे जाणार नाहीत.

बुटीकशी एका पानाचा करार करा: कमिशन करपूर्व किमतीवर, हिशेब दर महिन्याच्या ५ तारखेला, ६० दिवसांत न विकलेला माल परत, डाग पडलेला नग त्यांचा. एखादीने माल विकतच घेतला तर वेगळं. उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) फुकट आहे, ती माल द्यायच्या आधी करून ठेवा. मग कायद्याने लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या वर पैसे अडवता येत नाहीत, करार नसेल तर १५ दिवस.

उभा_धागा:

जॅकेट आणि स्कर्ट दोन्हीत काठ घेराला आहे, तर दोन्हींचं कटिंग एकाच थानावर लावून बघा. स्कर्टचे तुकडे आडवे लावल्यावर दुसऱ्या बाजूचा काठ कमरेला येतो आणि तिथे तो वाया जातो. तो कापून जॅकेटच्या पुढच्या पट्टीला वापरा. त्यासाठी मास्टरला खाकी कागदावरचे दोन्ही पॅटर्न एकत्र द्यावे लागतील, आणि दोन्ही पानांवर एकमेकांचा डिझाइन नंबर लिहावा लागेल. स्कर्टची उंची ३१ मधून कमरेकडचा हा काठ आणि शिवणीचे इंच वजा करून २८ च्या आत धरा. स्केचमध्ये ती पोटरीपर्यंत दाखवली असेल तर आत्ताच खोडून बदला.